लंडी खाना नावाचं स्टेशन

ग्रुप कॅप्टन दिलीप पारुलकर १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात गेले. वय ८२. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांचं आयुष्य पाच-सहा ओळींत उरकलेलं होतं: १९६५ आणि १९७१च्या युद्धांतले लढाऊ वैमानिक, वायुसेना मेडल, पाकिस्तानात युद्धकैद, दोन साथीदारांसह पलायन, सीमेच्या तोंडाशी पुन्हा अटक, पुढे विशिष्ट सेवा मेडल. यातलं काहीच चूक नाही. पण 'सीमेच्या तोंडाशी पुन्हा अटक' एवढ्यावर त्या पलायनाची बोळवण झालेली मला सोसवेना.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशावरची रेल्वेची बारीक काळी रेघ बोटानं दाखवत मी कितीतरी वर्गांना देशोदेशी हिंडवून आणलंय. पारुलकरांच्या पलायनाची गोष्ट पहिल्यांदा नीट वाचली, तेव्हा माझं लक्ष अडकलं ते तशाच एका रेघेच्या टोकाशी असलेल्या ठिपक्यावर. तीन माणसं प्राण पणाला लावून त्या ठिपक्याच्या दिशेनं निघाली होती आणि तो ठिपका जमिनीवर केव्हाच पुसला गेला होता. तिथवर जायचं तर आधीचं सगळं सांगायला हवं.

पारुलकर मार्च १९६३ मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. दोन-अडीच वर्षांत पाकिस्तानशी युद्ध लागलं. त्या युद्धातल्या एका मोहिमेत त्यांच्या विमानाला शत्रूच्या माऱ्याचा फटका बसला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. लढाऊ विमानं एकेकटी जात नाहीत, तुकडीनं जातात. तुकडीच्या लीडरनं त्यांना इजेक्ट व्हायला, म्हणजे विमान सोडून पॅराशूटनं उडी घ्यायला सांगितलं. विशीतल्या पोरसवदा वैमानिकानं जखमी खांद्यानिशी ते मोडकं विमान तळावर परत आणून उतरवलं. वायुसेना मेडल त्याबद्दल मिळालं. उजवा हात म्हणजे वैमानिकाचा कंट्रोल स्टिकवरचा हात. तोच खांदा दुखावलेला असताना विमान उंचीवर ठेवायचं, दिशा धरायची, वेग कमी करत धावपट्टीवर टेकवायचं, हे मी नुसतं डोळ्यांपुढे आणलं तरी माझा हात आखडतो.

१९७१ मध्ये ते फ्लाइट लेफ्टनंट होते, पंजाबातल्या आदमपूरच्या २६ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये, सुखोई-७ विमानावर. हे रशियन बनावटीचं विमान एका इंजिनाचं आणि एका वैमानिकाचं. अंगानं दणकट, पण इंधन भसाभस पिणारं आणि म्हणून पल्ल्याला तोकडं. त्याचं मुख्य काम जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करण्याचं: रणगाडे, तोफा, रेल्वेगाड्या, रडार. आकाशात उंच विमानाशी विमान भिडतं ते युद्ध आपण सिनेमात पाहतो. सुखोईच्या वैमानिकाला मात्र खाली यावं लागे, आणि खाली यायचं म्हणजे विमानविरोधी तोफांच्या पुढ्यात यायचं. १९७१च्या पश्चिम आघाडीवर पकडल्या गेलेल्या आपल्या वैमानिकांत सुखोईवाले बरेच का, याचं उत्तर एवढं सरळ आहे.

१० डिसेंबर १९७१ला जफरवालच्या परिसरात पारुलकरांचं विमान पडलं आणि ते इजेक्ट झाले. इजेक्ट होणं म्हणजे हलकेच तरंगत उतरणं असा आपला समज असतो. आसनाखालचा स्फोट माणसाला आसनासकट विमानाबाहेर फेकतो, तो दणका थेट पाठीच्या कण्यावर येतो. त्यांच्याच स्क्वॉड्रनचे स्क्वॉड्रन लीडर धिरेंद्र जाफा पाच दिवस आधी असेच पडले होते. त्यांच्या कण्याला इजा झाली आणि धडाला प्लास्टर घालावं लागलं. जमिनीवर टेकल्यावर पुढचा प्रश्न येतो तो खाली कोण भेटणार हा. ज्यांच्या गावावर काल बॉम्ब पडलेत ती माणसं आधी येतात. सैनिक वेळेवर पोहोचले तर जीव वाचतो. म्हणून पकडलेल्या वैमानिकाला शत्रूच्या सैन्याचा गणवेश दिसणं हीच त्या दिवशीची चांगली बातमी असते.

मारुत विमानाचे वैमानिक जवाहरलाल भार्गव यांची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. ते सिंधमध्ये पडले. आपण पाकिस्तानी हवाई दलाचे वैमानिक आहोत, नाव मन्सूर अली, असं सांगून त्यांनी काही वेळ निभावून नेलं. शेवटी कुणीतरी कलमा म्हणायला सांगितलं आणि सोंग संपलं.

अशा बाराएक वैमानिकांना रावळपिंडीला आणलं गेलं. विंग कमांडर कोएल्हो त्यांच्यात सर्वांत वरिष्ठ. जाफा, भार्गव, पेठिया, तेजवंत सिंग, ग्रेवाल, हरीश सिंहजी, कुरुविला, मुल्ला-फिरोज, आणि आपल्या कानाला ओळखीची वाटणारी तीन नावं: कामत, चाटी, पारुलकर. सुरुवातीचे दिवस एकेकट्या कोठडीत गेले. चौकशी चालू होती, शेजारच्या कोठडीत कोण आहे याचा पत्ता नव्हता. १९७१च्या नाताळला त्यांना पहिल्यांदा एकत्र बसू दिलं गेलं. आपला अमुक मित्र जिवंत आहे हे काहींना त्या दिवशी कळलं. प्लास्टरमधले जाफा, पायांना जबर इजा झालेले कामत, आणि त्यांना पाहून गहिवरलेले बाकीचे. त्या कॅम्पाची जबाबदारी तेव्हा स्क्वॉड्रन लीडर उस्मान नावाच्या पाकिस्तानी अधिकाऱ्याकडे होती. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं.

युद्धकैदी हा गुन्हेगार नसतो. १९४९चा तिसरा जिनिव्हा करार हेच सांगतो आणि भारत-पाकिस्तान दोघंही या कराराला बांधील आहेत. मी तो करार मुळातून वाचला, आणि वाचताना त्यातल्या तपशिलांनी हलून गेले. कैद्यानं चौकशीत नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यातला क्रमांक एवढंच सांगणं बंधनकारक आहे. पकडल्यावर, फार तर कॅम्पात पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत, त्याला घरच्यांना आणि जिनिव्हातल्या कचेरीला आपण कैदेत असल्याचं कार्ड लिहू दिलं पाहिजे. महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं पाठवता आली पाहिजेत. त्याला हातखर्चाला पैसे मिळाले पाहिजेत: मेजरच्या खालच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला महिन्याला ५० स्विस फ्रँकांइतके. आणि सगळ्यांत विलक्षण म्हणजे पळून जाण्याबद्दलची कलमं. कैदी पळाला आणि पकडला गेला, तर त्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि अशी शिक्षा तीस दिवसांहून लांबवता येत नाही. पलायनासाठी त्यानं साधे कपडे घातले, खोटं नाव सांगितलं, तरी कुणाच्या जिवाला धोका झालेला नसेल तर तेही तेवढ्यातच मोडतं. दुसऱ्या महायुद्धाची राख अजून गरम असताना ज्यांनी हा करार लिहिला, त्यांनी हे मानलं होतं की बंद दाराआडचा सैनिक दार उघडायला बघणारच.

पारुलकर तर आधीपासूनच बघत होते. आपण कधी शत्रूच्या हाती सापडलो तर पळून येणार, असं त्यांनी युद्धाच्या कितीतरी आधी आपल्या वरिष्ठांना बोलून दाखवलं होतं. आता बोललेलं करून दाखवण्याची वेळ होती.

मग घाई कशाला, असं वाटू शकतं. युद्ध १६ डिसेंबरला पूर्वेत आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेत थांबलं होतं. पण कैद्यांचा प्रश्न कुजत पडला. पूर्व पाकिस्तानात शरण आलेले सुमारे ९३,००० लोक भारताच्या ताब्यात होते, बांगलादेशला मान्यता देण्याचा तिढा होता. २ जुलै १९७२ला सिमला करार झाला, तरी त्यात कैद्यांच्या सुटकेची तारीख नव्हती. रावळपिंडीतल्या कोठडीत बसलेल्याला यातलं जे काही कानावर येत असेल, त्यातून एकच कळत असणार: आज नाही. माझ्या मते पलायनाचा निर्णय या रखडण्यातून आणखी घट्ट झाला. मागे राहणाऱ्या साथीदारांना त्याची झळ बसणार हेही उघड होतं. त्यामुळे हा तिघांचा खासगी पराक्रम उरत नाही. मागे राहणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून त्यात आपला वाटा उचलला.

आता त्या तयारीबद्दल, कारण मला या गोष्टीतलं सर्वांत प्रिय काय असेल तर ती तयारी.

कोठडी क्रमांक ५ची भिंत. तिच्यात २१ बाय १५ इंचांचं भोक पाडायचं. एक पट्टी घ्या आणि वर्तमानपत्रावर एवढा आयत आखून बघा. त्यातून आपलं डोकं, मग एक खांदा, मग दुसरा खांदा कसा जाईल ते बघा. हत्यारं म्हणजे जेवणाच्या काट्या-सुऱ्या आणि असलंच काहीबाही. रात्री विटांभोवतीचा गिलावा खरवडायचा, एकानं पहारेकऱ्याच्या पावलांकडे कान लावायचा, पाऊल जवळ आलं की थांबायचं. वीट सुटली तरी जागच्या जागी बसवून ठेवायची. निघालेला चुरा दडवायचा, त्यासाठी रेडक्रॉसच्या पार्सलांची रिकामी खोकी कामी आली. आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाचा गिलाव्याचा शेवटचा पापुद्रा तसाच ठेवायचा, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला भिंत अखंड दिसेल. तो पापुद्रा फोडायचा तो निघण्याच्या रात्रीच. हाताशी असलेल्या भत्त्यातून पैसे साठवले गेले. पठाणी कपडे मिळवले गेले. जखमी कामतांनी सुई चुंबकित करून होकायंत्र बनवलं. त्यांना स्वतःला त्याच्या दिशेनं एक पाऊलही टाकता येणार नव्हतं, आणि तरी त्यांनी ते बनवलं.

आणि नकाशा होता, शाळेच्या अ‍ॅटलासातला. ऑक्सफर्ड स्कूल अ‍ॅटलास आमच्या शाळेच्या कपाटातही असायचा. त्या नकाशात पेशावरहून खैबर खिंडीतून जाणारी रेल्वे दिसत होती आणि तिच्या टोकाला, अफगाण सीमेला लागून, लंडी खाना. पूर्वेकडे भारताची सीमा जवळ होती, पण युद्धानंतर तिथे सैन्य, सुरुंग आणि तारांचं जाळं होतं. म्हणून उलटं पश्चिमेला जायचं, तोरखमजवळ अफगाणिस्तानात शिरायचं. रेल्वेचं शेवटचं स्टेशन गाठलं की पुढे सीमा पायी ओलांडता येईल. बेत उत्तम होता. मी आजही त्या बेताला शंभरपैकी शंभर गुण देईन.

१४ ऑगस्ट हा पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन. पहारेकरी सुटीच्या तंद्रीत असतील म्हणून त्या सुमारास निघायचं ठरलं होतं. पण १२ ऑगस्टच्या रात्री आभाळ गडगडायला लागलं आणि तिघांनी ठरवलं, आजच. पारुलकर, फ्लाइट लेफ्टनंट मालविंदर सिंग ग्रेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी. भोकातून सरपटत बाहेर पडले, तोवर वावटळ सुटली आणि धूळ उडायला लागली. जवळच बाजेवरचा राखणदार धुळीपासून वाचायला पांघरूण डोक्यावरून ओढून बसला होता. पाठोपाठ पाऊस. भिंत ओलांडून तिघं रस्त्यावर आले तेव्हा सिनेमाचा शेवटचा खेळ सुटला होता. घराकडे निघालेल्या प्रेक्षकांच्या गर्दीत ते मिसळून गेले. सिंहजी मोठ्यानं ओरडले, "आझादी!" ग्रेवाल म्हणाले, "अभी नहीं." या दोन उद्गारांत दोघांचे स्वभाव दिसतात. सिंहजींचं ओरडणं मला जास्त जवळचं वाटतं. आठ महिन्यांनी उघड्या पावसात उभा राहिलेला तरुण दुसरं काय करणार?

बसनं ते पेशावरला पोहोचले. तिथून टांग्यानं जमरूद रस्त्याला, मग पायी, मग पुन्हा बस. बस गच्च भरलेली, म्हणून कंडक्टरनं त्यांना टपावर बसवलं. खैबर खिंड त्यांनी अशी, बसच्या टपावरून पाहिली. सकाळी साडेनऊच्या सुमाराला ते लंडी कोतलला उतरले. रावळपिंडीच्या कॅम्पातून निघून पुरता दिवसही झाला नव्हता. तिथून अफगाण सीमा सात-आठ किलोमीटर.

इथे मला थोडं त्या रेल्वेबद्दल सांगू द्या. खैबर रेल्वे ही ब्रिटिशांनी सैन्यासाठी बांधलेली, डोंगरांतून चढत जाणारी रेल्वे. ३४ बोगदे, ९२ पूल. चढ इतका खडा की गाडीला पुढे एक आणि मागे एक इंजिन लावावं लागे, आणि काही ठिकाणी गाडी आडव्या रुळांवर थांबून उलट दिशेनं पुढचा टप्पा चढे. पेशावरजवळ तर हे रूळ विमानतळाची धावपट्टी ओलांडून जात. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती लंडी कोतलपर्यंत सुरू झाली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये खालच्या उतारावर सीमेजवळच्या लंडी खानापर्यंत वाढवली गेली. पण सीमेला रेल्वे भिडलेली अफगाणिस्तानला नको होती. डिसेंबर १९३२ मध्ये शेवटचा तुकडा बंद करण्यात आला. म्हणजे गाडी लंडी खानाला जेमतेम साडेसहा वर्षं गेली. तेव्हापासून लंडी कोतल हेच शेवटचं स्टेशन.

नकाशाला मात्र हे माहीत नव्हतं. अ‍ॅटलास छापणारे जुनी रेघ वर्षानुवर्षं तशीच ठेवतात. एखादं धरण झालं, राज्य बदललं, तर आवृत्ती सुधारतात. दूर डोंगरातली चार-सहा मैलांची बंद पडलेली लोहमार्गाची शेपटी कुणाच्या ध्यानात येणार? पारुलकर आणि त्यांचे साथीदार ज्या स्टेशनचा पत्ता विचारत होते, ते बंद झालं तेव्हा त्या तिघांपैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता.

लंडी कोतलच्या बाजारात त्यांनी चहा घेतला आणि लंडी खाना किती दूर, असं विचारलं. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ. तिथल्या प्रत्येकाच्या डोक्यावर काही ना काही आहे, आपलीच डोकी उघडी आहेत, हे ग्रेवाल यांच्या लक्षात आलं. पारुलकरांनी दोन पेशावरी टोप्या विकत घेतल्या. एक ग्रेवालांच्या डोक्याला बसेना, म्हणून ती बदलून आणायला ते पुन्हा दुकानात गेले. इतक्या दूर येऊन, टोपी लहान झाली म्हणून सीमेवरच्या बाजारात दुसरी फेरी. एका टॅक्सीवाल्यानं पंचवीस रुपयांत लंडी खानाला सोडतो म्हटलं. ते टॅक्सीकडे निघाले आणि मागून हाक आली.

हाक मारणारा तहसीलदार कचेरीतला कारकून होता. कोण, कुठले, कुठे चाललात? आम्ही लाहोरहून आलोय, पाकिस्तानी हवाई दलातले आहोत, लंडी खानाला फिरायला चाललोय. कारकुनानं सांगितलं, लंडी खाना नावाचं ठिकाण आता नाहीच, ते इंग्रजांबरोबर संपलं. त्याला वाटलं, हे पाकिस्तानात अडकलेले बंगाली असावेत, अफगाणिस्तानमार्गे बांगलादेशला पळणारे. त्या वर्षी अनेक बंगाल्यांनी तोच रस्ता धरला होता, त्यामुळे त्याचा संशय अगदी रास्त होता. पारुलकरांनी हसून विचारलं, आम्ही तुम्हाला बंगाली दिसतो? पण त्यांना तहसीलदारापुढे नेलंच. तिथे ठरवून ठेवलेली खोटी नावं सांगून झाली, पारुलकर झाले फिलिप पीटर. झडती सुरू झाली, आणि प्रकरण हाताबाहेर चाललं.

हा भाग कबायली मुलुखाचा. इथे हेर म्हणून संशय आलेल्या अनोळखी माणसाचं काय होईल याची शाश्वती नव्हती. त्या क्षणी पारुलकरांनी जे केलं ते मला १९६५मध्ये विमान परत आणण्याइतकंच मोठं वाटतं. त्यांनी ओळखलं की आता पळण्याचा डाव संपला, आता जगण्याचा आहे. पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसींशी, म्हणजे दिमतीच्या अधिकाऱ्याशी, मला फोनवर बोलू द्या, असा त्यांनी आग्रह धरला. हे एडीसी म्हणजे स्क्वॉड्रन लीडर उस्मान, कॅम्पाचे आधीचे प्रमुख. फोन लागला. पारुलकरांनी सांगितलं, तुम्हाला कळलंच असेल, आम्ही तिघं लंडी कोतलला आहोत, तहसीलदारानं पकडलंय. उस्मान यांनी तहसीलदाराला सांगितलं, ही आपली माणसं आहेत, यांना डांबून ठेवा, पण मारहाण करू नका.

'आपली माणसं' असं उस्मान म्हणाले. शत्रूचे वैमानिक, नुकतेच त्यांच्या हवाई दलाच्या कोठडीला भोक पाडून पळालेले. आपल्या संस्थेची अब्रू गेल्याचा राग काढायला उस्मान यांना नुसतं गप्प राहणं पुरलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना हा फोन बहुतेकदा एका वाक्यात उरकतात, आणि मला ते पटत नाही. तिघं जिवंत परतले त्यात जितका वाटा त्यांच्या धाडसाचा, तितकाच उस्मान यांच्या त्या वाक्याचा. असं वाक्य ऐन वेळी तोंडून निघायला आधी त्या कैद्यांना नावानं आणि माणूस म्हणून ओळखलेलं असावं लागतं.

पुढचं थोडक्यात. तिघांना एकांतवासाची शिक्षा झाली, करारानं घातलेल्या मर्यादेतली, तीस दिवसांची. सगळ्या वैमानिकांना रावळपिंडीहून लायलपूरच्या, म्हणजे आताच्या फैसलाबादच्या, तुरुंगात हलवलं गेलं. तिथे आपले इतर युद्धकैदी होते. काही महिन्यांनी झुल्फिकार अली भुट्टो लायलपूरला आले आणि सुटकेची घोषणा झाली. १ डिसेंबर १९७२ रोजी सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी वाघा ओलांडून आले, त्यांत हे वैमानिकही होते. पूर्वेतल्या ९३,००० जणांचा प्रश्न सुटायला १९७३चा ऑगस्ट उजाडावा लागला. पारुलकर पुन्हा उडू लागले, प्रशिक्षक झाले, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर राहिले. कैदेतून झालेल्या पलायनाचं नेतृत्व केल्याबद्दल विशिष्ट सेवा मेडल मिळालं. पकडल्या गेलेल्या पलायनाबद्दल हवाई दलानं पदक दिलं, हे मला फार योग्य वाटतं.

पण वाघ्यावरच्या त्या दिवशी ज्यांची वाट पाहिली गेली आणि जे आले नाहीत, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला हा लेख संपवता येत नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ३२ क्रमांकाचं स्क्वॉड्रन, तेच सुखोई-७ विमान. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोडच्या तळावरच्या हल्ल्यात त्यांचं विमान पडलं. तांबे यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव पकडलेल्या वैमानिकांत असल्याचं पाकिस्तानातल्या एका वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झालेली नव्हती. पारुलकर आणि तांबे यांच्यात धाडसाचा फरक मला दिसत नाही. पारुलकरांचं नाव कॅम्पाच्या यादीत लागलं, रेडक्रॉसपर्यंत गेलं, त्यांची पत्रं घरी आली. तांब्यांचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. जिनिव्हा करारातलं ते आठवड्याच्या आत लिहू द्यायचं कार्ड किती महत्त्वाचं, ते इथे कळतं. ज्याचं कार्ड निघालं त्याच्याबद्दल ताब्यात ठेवणाऱ्याला जाब विचारता येतो.

१९७९ मध्ये बेपत्ता सैनिकांपैकी चाळीस जणांची नावं लोकसभेत मांडली गेली. पुढे सरकारी यादी ५४वर गेली. असे कुणी आपल्या तुरुंगांत नाहीत, असं पाकिस्तान सांगत आलं आहे. २००७ मध्ये या सैनिकांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन पाहू दिलं गेलं. दमयंतीबाईही त्यात होत्या. कुणी सापडलं नाही. त्या ५४ जणांपैकी अनेकांचं काय झालं हे त्यांच्या घरच्यांना दोन्ही सरकारांपैकी कुणी खात्रीनं सांगितलेलं नाही, आणि ते सांगितलं जाईपर्यंत विचारत राहण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.